विहिरीची जीभ

मित्रांनो, मी जुना आहे, जड आहे आणि माझं नाव तुमच्यापैकी फार कुणी ऐकलेलं नसेल. मला प्रवाहमापक म्हणतात. तेलाच्या आणि वायूच्या विहिरी खणताना मला त्यांच्या तोंडाशी बसवतात. घरात पाणी किती आलं ते सांगणारा नळाचा मीटर तुम्ही पाहिला असेल. तो माझा दूरचा भाऊबंद. फरक एवढाच, की तो चुकला तर बिल चुकतं आणि मी गप्प बसलो तर माणसं मरतात.

माझा जन्म कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यातला. शेजारी मिरजेत तंबोऱ्याच्या तारा लावणारे कारागीर जसे कान देऊन बसतात, तसे गंगाधर मिस्त्री माझं पातं तोलत बसायचे. माझी रचना अगदी साधी आहे. नळीच्या आत एक पोलादी पातं लोंबतं. प्रवाह वाढला की ते वर उचललं जातं, कमी झाला की खाली येतं. पात्याला जोडलेला दांडा नळीच्या बाहेर असतो. तो काटा हलवतो आणि काटा तांबड्या रेघेच्या पलीकडे गेला की भोंगा वाजतो. बस, एवढीच माझी विद्या.

आता ही विहीर म्हणजे तुमची रहाट-पोहऱ्याची विहीर नव्हे. जमिनीत मैलभर खोल जाणारं ते एक अरुंद भोक असतं. खणताना त्यात मातीचं घट्टसर पाणी सोडतात, त्याला कामगार ‘मड’ म्हणतात. मड खाली जातं आणि दगडाचा चुरा घेऊन परतीच्या नळीतून वर येतं. त्या परतीच्या नळीत मी बसतो. हिशेब सरळ आहे. जेवढं खाली गेलं तेवढंच वर आलं पाहिजे. कमी आलं तर जमीन पिते आहे असं समजावं. जास्त आलं तर खालून कुणीतरी ढकलतं आहे. ते ढकलणारं म्हणजे बहुतेक वेळा कोंडलेला वायू असतो, आणि तो वर पोचला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

माझी आणि नाथाजींची पहिली गाठ गुजरातेतल्या एका विहिरीवर पडली. नाथाजी सातारा जिल्ह्यातल्या पाटणकडचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते रिगवर लागले होते. रिग म्हणजे विहीर खणणारा तो उंच लोखंडी सांगाडा. नाथाजींनी पहिल्याच दिवशी माझं पातं फडक्याने पुसलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, “ही विहिरीची जीभ हाय बघ. बाकी समदं लोखंड मुकं.” तेव्हापासून माझ्या पात्याला सगळे जीभच म्हणू लागले. मडचा चिखल वाळून पातं अडकू नये म्हणून नाथाजी स्वतः रोज ते धुवायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

पुढे त्रिपुरात एका विहिरीत वायू शिरला. मी वेळेवर ओरडलो, विहिरीच्या तोंडावरची झडप बंद झाली आणि कुणाला साधं खरचटलंही नाही. त्या दिवशी नाथाजींनी गावाहून आणलेल्या कंदी पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा माझ्या डोक्यावर ठेवला. मुंग्या लागल्या, पण माझी छाती फुगली. माझ्या जिभेला हाड नसलं तरी पोलाद आहे, असं मी मनातल्या मनात म्हणालो. थोडा गर्व झालाच होता, नाही म्हणत नाही.

मग आम्ही कोयनेच्या खोऱ्यात आलो. इथली जमीन वारंवार का हादरते, हे खाली उतरून पाहावं असं काही शास्त्रज्ञांच्या मनात आलं होतं. त्यासाठी खोल भोक हवं होतं. भोक पाडायला रिग आली आणि रिगबरोबर मी आलो. घर जवळ आल्याने नाथाजींना तर आभाळ ठेंगणं झालं. आयुष्य सरहद्दीवर आणि परमुलखात गेलेलं. बायको गेली तेव्हाही ते आसामात होते. मुलगी शिवांजली, त्यांची शिवा, आजोळी वाढली, कऱ्हाडात शिकली आणि आता नेमकी याच रिगवर नोकरीला लागली होती. तिचं काम काय? माझ्या काट्याकडे लक्ष ठेवण्याचं. बाप वर सांगाड्याच्या फलाटावर खणायच्या यंत्राचा ब्रेक धरून उभा, लेक खाली केबिनमध्ये माझ्या काट्यासमोर बसलेली. दुपारी दोघं एका डब्यातली भाकरी खायची. नाथाजी एकदा मला धुता धुता म्हणाले, “गड्या, ही पोर मला आत्ता कुठं वळखाय लागलीय.” ते वाक्य मी विसरू शकत नाही, कारण पुढे जे झालं ते सगळं त्या वाक्यातून झालं.

कोयनेत धक्के बसतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. बाहेरचा माणूस घाबरून अंगणात पळतो. इथला माणूस मान वर करतो आणि विचारतो, “भांडी वाजली का?” इथे घरोघर फळीवर मांडलेल्या ताटावाट्या हेच धक्का ओळखायचं साधन. भांडी किणकिणली तर धक्का, नाही तर मनाचा भास. आमच्या रिगवर स्वयंपाकाला धोंडुबाई होत्या, शेजारच्याच गावच्या. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत ताटांची लांबलचक फळी होती.

धक्का बसला की परतीची नळी थरथरायची. नळी थरथरली की माझी जीभ उडायची आणि भोंगा वाजायचा. मला धक्का आणि वायू यांतला भेद कळत नव्हता असं नाही. पण मला एकच शब्द येतो. तो मी दोन्ही वेळा उच्चारायचो. भोंगा वाजला की काम थांबायचं, माणसं पळायची, झडप तपासली जायची. मग फलाटावरून जयराज हाक मारायचा, “ओ धोंडुबाई, भांडी वाजली का?”

“वाजली की!” आतून उत्तर यायचं.

मग सगळे हसायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. जयराज हा तरणा, तोंडाळ गडी. तो माझ्याकडे बघून म्हणायचा, “उचलली जीभ, लावली टाळ्याला! ह्याला काय काम हाय दुसरं?” सुरुवातीला मलाही हसू यायचं. मग पावसाळ्यानंतर धक्के वाढले. भोंगा सारखा वाजू लागला. काम रखडलं. कंपनीचा साहेब फोनवरून सांगू लागला की काम असंच रेंगाळलं तर रिग उचलून राजस्थानात नेऊ.

राजस्थान हा शब्द ऐकल्यावर नाथाजींचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्यांनी डबा अर्धा टाकला. शिवांजलीने विचारलं, “आवं आबा, काय झालं? मिरची जास्त पडली का?” ते म्हणाले, “न्हाई गं. जेव तू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला धुवायला आले. जीभ पुसली, सांध्याला तेल दिलं. मग खिशातून पोलादी तार काढली आणि माझा दांडा मधोमध, काटा रोज जिथे असतो तिथेच, नळीच्या कडीला करकचून बांधला. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “थोडं दिस गप ऱ्हा, गड्या. धक्का सांगाय भांडी हायत की. एवढी खोली गाठू दे, मग सोडतो.”

मित्रांनो, नाथाजी वाईट नव्हते. ते आळशी नव्हते, बेफिकीर तर मुळीच नव्हते. पण माणसाला घर हवं असलं की त्याचं शहाणपण कमी पडतं. भांडी जमिनीचं सांगतात. विहिरीचं सांगणारा मी एकटा होतो, आणि ज्या हाताने मला जपलं त्याच हाताने मला मुकं केलं.

केबिनमध्ये काटा सरळ उभा राहिला. शिवांजलीला ते खटकलं. दुपारी तिने विचारलंच, “आबा, काटा लय शांत हाय हो.”

“बरं हाय की मग. तुला रोज भोंगाच ऐकायचा हाय व्हय?”

ती हसली. बापाचा हात रोज माझ्यावर फिरतो हे तिला ठाऊक होतं, मग शंका कशाला घ्यायची? तिने विश्वास ठेवला. यात तिचा काय गुन्हा झाला, तुम्हीच सांगा.

आणि मग तो दिवस आला. ऊन चांगलं तापलं होतं. खाली कुठेतरी दगडाची भेग उघडली असावी. मला आधी मडचा स्पर्श बदललेला जाणवला. ते हलकं झालं होतं, फसफसत होतं. मग प्रवाह वाढला. जीभ वर जाऊ लागली आणि तारेला अडली.

मी जोर लावला. तार हलली नाही. प्रवाह आणखी वाढला, मी आणखी जोर लावला. खालून वायू वर येत होता आणि ते मला एकट्यालाच कळत होतं. वर फलाटावर जयराज कुठलंसं गाणं गुणगुणत होता. केबिनमध्ये शिवांजली काट्याकडे बघत होती. होय, ती अगदी डोळे लावून बघत होती! काटा मधोमध उभा होता आणि सगळं ठीक आहे असं सांगत होता. माझ्याच काट्याने माझ्या लेकीसारख्या पोरीला फसवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी अक्षरशः खाल्ला. मडचा प्रत्येक लोंढा मला खालून हाणत होता, तार वरून दाबत होती आणि मी पुन्हा पुन्हा त्याच जागी घासत होतो. उठा, पळा, शिवा, बाहेर हो! हे सगळं माझ्या आतच राहिलं. तारेच्या बाहेर एक अक्षर गेलं नाही.

परत आलेलं मड ज्या हौदात साठतं त्याची पातळी वाढली होती. पण सकाळीच जयराजने हौदात पाण्याची नळी सोडली होती. ते तेच पाणी असेल असं त्याला वाटलं.

मग फलाट थरथरू लागला. “धक्का हाय रं,” जयराज म्हणाला आणि सवयीने ओरडला, “धोंडुबाई, भांडी वाजली का?”

आतून आवाज आला, “न्हाई वाजली!”

“नीट ऐका की!”

“आरं म्होरं बसलेय मी फळीच्या. एक ताट सुदिक हाललं न्हाई!”

जयराज हसला. नाथाजी हसले नाहीत. जमीन हलत नाही आणि फलाट हलतो आहे, याचा अर्थ त्यांना लागला. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं. ती नजर कुणाच्या वाट्याला येऊ नये. मग ते छाती फुटेस्तोवर ओरडले, “पळा! विहीर उठली! जयराज, पोरीला काढ केबिनमदनं!”

सगळे जिन्याकडे धावले. जयराजने शिवांजलीला दंडाला धरून ओढत नेलं. ती मागे वळून “आबा! आबा!” म्हणत होती. नाथाजी उलटे धावले. झडप मिटवणारा दांडा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी ओढला. झडप मिटायला काही क्षण लागतात. तेवढ्या क्षणांत विहिरीने तोंड उघडलं. मडचा खांब सांगाड्याच्या वर गेला, लोखंडी साखळी तुटून फिरली आणि नाथाजींच्या गळ्यावर बसली. केबिन पत्र्याच्या डब्यासारखी चेपली. आतली सगळी यंत्रं आणि नोंदी चिखलात गेल्या. मग झडप मिटली.

सगळी माणसं वाचली. नाथाजी जिवंत होते, पण त्यांच्या गळ्यातून आवाज येत नव्हता. त्यांना घेऊन गाडी घाट उतरली आणि मिरजेला गेली. डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून जीव राखला. बोलण्याचं काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

पुढे शिवांजली एकटीच रिगवर आली. नाथाजी रोज करायचे तसं मला धुवावं, एवढंच तिच्या मनात असावं. फडकं माझ्या दांड्यावर आलं आणि थांबलं. तिला तार दिसली. बापाची गाठ तिने ओळखली, फौजेतली गाठ. ती चिखलातच बसली आणि मोठ्याने रडली. “आबा, ह्ये काय केलं तुमी? ह्ये काय केलं?” बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, पकड आणली आणि तार तोडली. मला म्हणाली, “माझ्या बापाचं नाव घेऊ नगंस.” तारेचे तुकडे तिने कोयनेच्या पात्रात फेकून दिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती तरी काय करणार होती?

चौकशी बसली. सांगलीहून चौकशी अधिकारी अवधूतसाहेब आले. कोयनानगरच्या वसाहतीतली एक खोली त्यांना दिली होती. मला तिथे टेबलावर ठेवलं, तात्पुरती नळी जोडली, भोंग्याची वायर लावली आणि पाणी सोडलं. मी काय करणार? पाणी आलं, जीभ उचलली गेली, काटा तांबड्या रेघेपार गेला आणि भोंगा खणखणीत वाजला.

“वा!” साहेब म्हणाले. “इतका जुना आहे, पण किती चोख! आजकाल असं काम मिळत नाही.”

मित्रांनो, जन्मभर मला कौतुकाची हाव होती. ते कौतुक मात्र विषासारखं लागलं. कारण मी चांगला ठरलो म्हणजे शिवांजली वाईट ठरली. सारख्या वाजण्याला कंटाळून मुलीने केबिनमधून भोंगा बंद केला असणार आणि काट्याकडेही तिचं लक्ष नसणार, असा सरळ अर्थ निघाला. साहेबांचं बोट माझ्या दांड्यावर फिरलं. “ही खाच कसली?” त्यांनी विचारलं.

“जुना हाय साहेब. घासला असंल,” शिवांजली म्हणाली.

“मग तुमचं काय म्हणणं आहे?”

तिने खाली पाहिलं. “भोंगा मीच बंद केला. काट्याकडं लक्ष न्हवतं. चूक माझी हाय.”

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी टेबलावर होतो, हाताच्या अंतरावर, आणि तिच्या बाजूने एक शब्द बोलू शकत नव्हतो. नोकरी जाणार होती, पोलीस केस होणार होती, पुन्हा कुठल्या विहिरीवर तिला कुणी उभं करणार नव्हतं. पोरगी दर आठवड्याला मिरजेला जायची आणि बापाला सांगायची, “समदं मिटलं आबा. मीटर बिघडलेला, असं ठरलं. तुमी फकस्त बरं व्हा.”

पण जयराजच्या पोटात कुठली गोष्ट राहते! तो नाथाजींना भेटायला गेला आणि जे चाललंय ते बोलून बसला. निकाल सांगायचा तो दिवस उजाडला. साहेब कागद वाचायला घेणार एवढ्यात दार उघडलं. जयराजच्या खांद्याचा आधार घेऊन नाथाजी उभे होते. निम्मे झाले होते. गळ्याला पांढरी पट्टी आणि तिच्यातून बाहेर आलेली नळी.

शिवांजली ताडकन उठली. “आबा, तुमी कशाला आला? चला, बसा गाडीत. चला!”

नाथाजींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते टेबलाशी आले. माझ्यावर हात ठेवला. मग खिशातून तसलीच पोलादी तार काढली.

“नगा आबा! पाया पडते तुमच्या, नगा!” तिने त्यांचं मनगट धरलं. नाथाजींनी तिची बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घेतात तशी. हात गाठ विसरले नव्हते. दांडा मधोमध आणला, तार कडीतून ओवली, वेढा दिला, पीळ भरला. आणि मित्रांनो, तार त्या खाचेत जाऊन बसली. अगदी बरोब्बर बसली, जशी तिच्यासाठीच ती खाच कोरली होती. मीच कोरली होती ती. त्या दिवशी मी ज्या जागी जिवाच्या आकांताने घासत होतो, त्या जागी पोलादाला पडलेली ती खाच होती. माझा आवाज कुणाला ऐकू गेला नव्हता, पण तो वाया गेला नव्हता.

नाथाजींनी खूण केली. जयराजने पाणी सोडलं. पाणी उसळलं, जीभ अडली, काटा मधोमध उभा राहिला. भोंगा वाजला नाही. साहेबांनी नखाने तार चाचपली, खाच चाचपली आणि हातातला कागद हळूच उलटा ठेवला. नाथाजींनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. दोनदा ठेवलं, कुणाला शंका राहू नये म्हणून. शिवांजली भिंतीला टेकून रडत होती.

तिचं नाव सुटलं. नाथाजींची नोकरी गेली आणि खटला उभा राहिला. माझ्यावर पुरावा म्हणून लाखेचं सील लागलं, तारेसकट. त्यामुळे आता मला विहिरीवर कुणी नेणार नाही. या खोलीतल्या कपाटावर मी बसून असतो आणि धूळ खातो. त्याचं दुःख आहे, पण माझं दुःख त्यातलं सर्वांत लहान आहे.

तुमच्याही घरात, वर्गात, गावात असं कुणीतरी असेलच, जे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून तुम्हाला कंटाळा आणतं. दहादा त्यात काही निघणार नाही. तरी अकराव्यांदा उठा आणि बघून या. त्याची स्वच्छता ठेवा, त्याला तेलपाणी करा, हवं तर हसा त्याला, पण त्याला बांधू नका. विशेषतः ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे त्याच्या भल्यासाठी तर मुळीच नको.

परवा जयराज ही खोली झाडायला आला होता; रिग गेल्यापासून तो या वसाहतीतच कामाला आहे. तो सांगत होता, की शिवांजलीने दुसरी नोकरी धरलेली नाही, ती बापाजवळ असते. डॉक्टरांनी नळी काढली आहे आणि रोज आवाजाचा सराव करायला सांगितलं आहे. रोज सकाळी ती समोर बसते आणि म्हणते, “म्हणा आबा, शिवा म्हणा.” नाथाजी तोंड उघडतात, गळ्याच्या शिरा ताणतात, सगळा जोर लावतात. अजून नुसती हवाच येते.